पेठ, घोडेगाव, मढ आणि एक पिवळा ठिपका

फोन आला होता. सकाळी साडेनऊच्या सुमारास, घोडेगावच्या आमच्या खोलीतल्या टेबलावरच्या मोबाइलवर. मीच उचलला. पलीकडून बाई काय म्हणाल्या ते मला शब्दन् शब्द आठवतं. "सायेब, पेठहून सुनंदा बोलते. टाक्याच्या वावरात कांद्यावर फवारणी करते. तासभर ड्रोन उडवीन. लिवून घ्या." मी "बरं" म्हणालो, आणि लिहून घेतलं नाही.

पुढे चौकशी झाली तेव्हा मी सांगितलं की बाईंनी फक्त वाऱ्याचं विचारलं, उडवण्याचं त्या काही बोलल्या नाहीत. फोन आल्याची नोंद होती, बोलण्याची नव्हती. त्यामुळे माझं खोटं टिकलं. ही गोष्ट पुढची दोन वर्षं मी कुणालाही सांगितली नाही. बायकोलाही नाही. दोन वर्षांनी मी त्या भागात तीन दिवस फिरून आलो, त्याची ही हकिकत आहे. पण ती याच वाक्यापासून सुरू करायला हवी, नाहीतर पुढचं सगळं नुसतं डोंगर-धरणांचं वर्णन होईल.

माझं काम काय ते थोडक्यात सांगतो. आंबेगाव-जुन्नरच्या आकाशात आता बरीच वर्दळ असते. फवारणीचे ड्रोन, बिबट्या शोधणारे, जमीन मोजणारे, लग्नाचं शूटिंग करणारे, आणि औषधांच्या कुप्या घेऊन डोंगराकडे जाणारे. हे एकमेकांवर आदळू नयेत म्हणून एक खोली, एक पडदा आणि पडद्यासमोर एक माणूस. सांगून उडालेलं यंत्र पडद्यावर हिरवा ठिपका होऊन दिसतं. न सांगता उडालेलं काहीही पिवळं दिसतं. पिवळा ठिपका आला की समोर तीन कळा असतात: 'ड्रोन', 'पक्षी', 'माहीत नाही'. 'माहीत नाही' दाबलं की जवळची उड्डाणं जागच्या जागी थांबतात आणि मागून लांबलचक अहवाल लिहावा लागतो. 'पक्षी' दाबलं की तेवढ्या जागेपुरता पडदा दहा मिनिटं गप्प बसतो. त्या वावरांमध्ये बगळ्यांचे थवे सारखे उठतात. आम्ही सगळेच 'पक्षी' दाबायचो.

सुनंदाबाईंच्या फोननंतर थोड्या वेळानं पिवळा ठिपका उठला आणि मावळला. मी 'पक्षी' दाबलं. सहाव्या मिनिटाला त्यांनी यंत्र बांधावरच्या तारांच्या वरून पलीकडच्या तुकड्यात नेण्यासाठी उंच घेतलं. औषधांच्या कुप्या नेणारं पांढरं यंत्र वाऱ्यामुळे त्या दिवशी नेहमीपेक्षा खालून चाललं होतं. दोन्ही घासली. पांढरं कसंबसं उतरलं. फवारणीचं टाकीसकट बांधावर पडलं, तिथं त्यांचे सासरे पाण्याची कॅन घेऊन उभे होते. टाकी फुटली. फवारणीचं औषध डोळ्यांत गेलं. डावा डोळा गेला.

सुनंदाबाईंचा परवाना थांबला, तो आजही थांबलेला आहे. मला पुण्याला बढती मिळाली.

पेठ, न उतरता

ही खोली चालवणाऱ्या कंपनीनं मला पाठवलं ते वेगळ्याच कामासाठी. जुन्नरहून मढला औषधं नेणारा नवा मार्ग सुरू झाला होता आणि घोडेगावची खोली तो नीट सांभाळते का, हे बघायचं होतं. पुण्याहून नाशिक रस्त्याच्या एसटीत बसलो. खेड मागं पडलं. पेठेचा थांबा आला, गाडी थांबली, दोन बायका पिशव्या घेऊन उतरल्या. मी उठलो, पिशवी खांद्याला लावली, परत बसलो, परत उठलो.

कंडक्टर बघत होता. "पावणं, उठताय का बसताय? गाडीला पन कळू द्या की."

"नाही उतरायचं," मी म्हणालो.

"मंग बसा निवांत. पेठ कुटं पळून जात न्हाय."

मागची दोन माणसं हसली. गाडी सुटली. डाव्या हाताला कांद्याची रोपं लावणाऱ्या बायकांची ओळ दिसली, वाकलेली, हिरव्या-निळ्या साड्यांची. त्यात कोण होतं, कोण नव्हतं, मी बघितलं नाही. चौकशी पुण्याला झाली होती, जबाब वेगवेगळे घेतले होते. सुनंदाबाईंना मी कधी पाहिलंच नव्हतं. फक्त आवाज ओळखीचा होता.

घोडेगाव

माझ्या जुन्या खुर्चीवर आता शिवरामनाना बसतात. एसटीच्या नियंत्रण खिडकीत सगळी नोकरी काढलेला माणूस. निवृत्तीनंतर घरी बसवेना म्हणून इथं आले. मी पूर्वी इथंच होतो हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. पडद्यासमोर ते खिडकीतल्यासारखेच बसतात, चष्मा कपाळावर, हातात पेन. यंत्र उडालं की तोंडानंही सांगतात: "जुन्नर-मढ सुटली." खोलीत ऐकायला कुणी नसलं तरी.

कीबोर्डकडे बघितलं तर मधली एक कळ गायब. खाली नुसतं भोक.

"ही कुठं गेली?"

नानांनी शर्टाच्या खिशातून कळ काढून तळहातावर ठेवली. वर 'पक्षी' लिहिलेलं स्टिकर, झिजून निम्मं गेलेलं. "आदी जे सायेब व्हते त्यांनी बोटानं पार घासून टाकली व्हती बगा. मी उपटून काढली. लागली तर खिशातनं काडतो, बसवतो, मंग दाबतो. तेवड्या येळात मानूस इचार करतो."

"आणि खरंच पक्षी असला तर?"

"तर तो काय तक्रार करनार हाय का?"

मी हसलो. माझ्याच बोटानं झिजलेली कळ त्यांनी पुन्हा खिशात टाकली आणि वरून खिसा थोपटला.

मग त्यांनी मला वही दाखवली, आणि या प्रवासात मी जे काही शिकलो ते त्या वहीत आहे. इथं कुणी गट नंबरानं शेत सांगत नाही. आमच्या लातूरकडे रान म्हणतात, इथं वावर म्हणतात, पण प्रत्येकाला नाव मात्र दोन्हीकडे असतं. पडद्याला गट नंबर लागतो. फोनवरचा माणूस म्हणतो, जांभळीचं वावर, भैरोबाची पट्टी, सासूचा तुकडा. आमच्या वेळी ते ऐकायचं, 'बरं' म्हणायचं, नंबर नंतर बघू म्हणायचं, आणि विसरायचं. नानांनी सहा महिने गावोगाव हिंडून बांधाबांधावर विचारलं आणि नावासमोर नंबर लिहून काढले. एका गावात पाच 'आंब्याची वावरं' निघाली, तर कंसात आंबा कुणाचा तेही.

"सासूचा तुकडा म्हंजे?" मी विचारलं.

"सासूनं सुनंला दिला न्हाय तो." नाना पान उलटत म्हणाले.

पुढचं पान पेठेचं होतं. 'टाक्याचं वावर' तिसऱ्या ओळीत. समोर गट नंबर, समोर 'सुनंदा', आणि त्यावर लाल रेघ. परवाना बंद.

"ही बाई लई चांगली उडवायची म्हनत्यात," नाना म्हणाले. "बचत गटाचं यंत्र व्हतं, चार गावं हिला बोलवायची. पन त्या दिवशी न सांगता उडवलं आन् घात झाला. सासऱ्याचा डोळा गेला. आता गाव म्हनतं, सुनंनं सासऱ्याला आंधळं केलं. ही वही तिच्या पायीच सुरू केली म्हना की."

मी पाणी मागितलं. ग्लास रिकामा होईपर्यंत सगळं खरं सांगायचं असं ठरवलं. ग्लास रिकामा झाला. मी वहीच्या कागदाची तारीफ केली.

दुपारी त्यांनी खाणावळीत नेलं. मासवडी होती. ज्यांनी खाल्ली नसेल त्यांच्यासाठी: यात मासा नाही. बेसनाच्या पातळ थराच्या आत तीळ, खोबरं, कांदा-लसणाचं सारण, आणि सोबत असा रस्सा की नाक वाहायला लागावं. डोळ्यांतून पाणी आलं तर नाना खूश झाले. "लातूरच्या मानसाला पन झोंबली म्हंजे जमली." पाणी कशाचं होतं ते त्यांना कुठं ठाऊक.

मढ

दुसऱ्या दिवशी जुन्नरला गाडी बदलून मढला गेलो. पिंपळगाव जोगाच्या धरणाचं पाणी रस्त्याकडेनं बराच वेळ सोबत करतं, मग डोंगराची रांग अंगावर येते. खाचरांत भात कापणीला आला होता. आमच्याकडे सोयाबीन यंत्रानं काढतात, अर्ध्या दिवसात रान मोकळं. इथं बायका-पुरुष ओळीनं विळे चालवत होते आणि पेंढ्या उन्हात आडव्या टाकत होते. वासानं भूक लागावी असा तो भात होता.

गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत चुन्याचा गोल आखलेला. यंत्र तिथं उतरतं. मी तो गोल मोजत होतो तेवढ्यात एक जीप आली. पुढच्या वाडीवरच्या लहूदादांना भात कापताना घोणस चावली होती. पन्नाशीचा काटक माणूस, पाय नडगीपर्यंत सुजलेला. बायको ठकूबाई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. शेजारच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडमनी विषावरच्या औषधाच्या होत्या तेवढ्या कुप्या लगेच सुरू केल्या. सकाळीच आणखी एकाला लागल्या होत्या, त्यामुळे अजून हव्या होत्या.

"जुन्नरहून मागवल्यात," त्या मला म्हणाल्या. "रस्त्यानं गाडीही निघालीय, पण यंत्र आधी येईल. तुम्ही त्यांच्यातलेच ना? लक्ष ठेवा जरा."

मी गोलापाशी जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळानं आवाज आला. खिंडीवरून पांढरा ठिपका आला, मोठा झाला, आणि मध्येच, माळाच्या वर, थांबला. पुढंही येईना, मागंही जाईना.

फोन वाजला. नाना होते. "सायेब, थांबवलीय मी गाडी. तिच्या फुडं पिवळं उठलंय, माळाच्या आंगाला. कुनाचा फोन न्हाय. हितनं कळत न्हाय काय हाय. तुमी तिथं हाय, बगा. घारी हायत का?"

मी वर बघितलं. कापणीच्या वेळी उंदीर-किडे उठतात म्हणून खाचरांवर घारी फिरतात. होत्याच. चार-पाच.

"घारी आहेत," मी म्हणालो.

"मंग पक्षी दाबू?"

मागून ठकूबाईंचा आवाज आला, "का थांबलं ते? आन् की म्हनावं खाली." तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं. समोर माणसाचा पाय काळानिळा होत चालला होता, डोक्यावर औषध लटकत होतं, आणि मध्ये माझा एक शब्द होता. हो म्हणणं किती सोपं आहे ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक. घारी डोळ्यांनी दिसत होत्या. खोटंही नव्हतं ते.

"दाबू का, सायेब?"

"थांबा," मी म्हणालो. "घारी आहेत, पण ठिपका त्यांचाच आहे हे मला माहीत नाही. बघून सांगतो."

मी माळाकडे धावलो. माझं वय पळण्याचं नाही. एका खाचरात पाय घसरून गुडघ्यापर्यंत चिखलात गेलो, चप्पल आतच राहिली. मागून कुणीतरी म्हणालं, "आवो, कुटं चाललं हे?" बांध चढून वर आलो तर पलीकडच्या उतारावर गाडी लावलेली, घाट बघायला आलेलं एक जोडपं, आणि त्यांच्या हातात रिमोट. त्यांचं तळहाताएवढं कॅमेऱ्याचं यंत्र भाताचं चित्रण करत वर वर चढत होतं, पांढऱ्याच्या वाटेवरच. घारी त्याच्याभोवती फिरत होत्या.

"खाली घ्या," मी ओरडलो. "आधी खाली घ्या ते."

"काका, आम्ही परवानगी—" पुरुष सुरू झाला. बाईनं माझ्या चिखलाच्या पायांकडे बघितलं आणि त्याच्या हातातून रिमोट घेतला. यंत्र खाली आलं.

मी फोनवर म्हणालो, "पक्षी नव्हता, नाना. ड्रोन होता. उतरवला."

"मढची गाडी सुटली," नाना म्हणाले, आणि त्यांचा श्वास मला फोनवर ऐकू आला.

पांढरं यंत्र डोक्यावरून गेलं. मी परत पोचलो तेव्हा कुप्या आत गेल्या होत्या. मॅडम बाहेर आल्या, घड्याळ बघितलं. "चार मिनिटं गेली वर. चालतंय. आता रुग्णवाहिकेनं पुढं पाठवते, पण धोका टळेल असं वाटतंय." ठकूबाईंनी माझ्या अनवाणी पायाकडे बघून शेजारच्या घरातून आणलेली तांब्याभर पेज माझ्या हातात दिली. धन्यवाद वगैरे कुणी म्हणालं नाही, इथं म्हणत नाहीत. "प्या, दमला," एवढंच.

पेज गरम होती. चार मिनिटं. पेठच्या त्या दिवशी मला तेवढीही लागली नसती. टेबलावर मोबाइल होता. सुनंदाबाईंना उलट फोन करून एवढंच विचारायचं होतं, "ताई, वर काही उडतंय का?"

मी नानांना फोन लावला. "नाना, ती कळ मी झिजवली. आधीचा साहेब मीच. आणि पेठच्या बाईंनी मला सांगितलं होतं. टाक्याचं वावर म्हणून सांगितलं होतं."

"मला काय सांगताय, राव," नाना म्हणाले. "मी पेठेत ऱ्हात न्हाय."

पेठ

तिसऱ्या दिवशी उतरलो. मढच्या दुकानात घेतलेली रबरी चप्पल पायात होती. घर विचारायला लागलं तेव्हा रस्त्यावरच्या माणसानं विचारलं, "कंची सुनंदा? सासऱ्याच्या डोळ्यावाली?" अशी तिची ओळख झाली होती.

ओट्यावर आबा बसले होते, तिचे सासरे, पंचाहत्तरीचे असावेत. डावा डोळा मिटलेला. कांद्याची रोपं मुठीमुठीनं बांधत होते. "या, पावणं. उजवीकडनं या, डावीकडनं आलेलं मानूस मला दिसत न्हाय. सावकार डावीकडनंच येत्यात, त्यामुळं बरंय."

कोपऱ्यात, शेळ्यांच्या बाजूला, प्लॅस्टिकच्या कागदाखाली काहीतरी झाकलेलं होतं. चार पाय बाहेर दिसत होते. यंत्र.

आतून सुनंदाताई आल्या. चाळिशीच्या. हात पदराला पुसत. "कोन हायत?"

"घोडेगावच्या ड्रोनच्या खोलीत होतो मी," मी म्हणालो. एवढंच म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. चेहरा हलला नाही. "आबा, ह्यांला बसाया द्या," म्हणाल्या आणि आत गेल्या. भाकरी थापण्याचा आवाज आला. ताट बाहेर आलं: बाजरीची भाकरी, वांगं, मिरचीचा ठेचा. "जेवा आदी."

"मला आधी सांगायचंय."

"जेवा. सांगायचं काय हाय ते मला म्हाईत हाय. 'बरं' म्हनाला व्हता तुमी. तोच आवाज हाय."

आबा रोपं बांधायचे थांबले. मी ताट बाजूला ठेवलं आणि सगळं सांगितलं. फोन, न केलेली नोंद, कळ, चौकशीतलं खोटं. आबांच्या उजव्या डोळ्याकडे बघत सांगितलं. शेळी एकदा ओरडली.

आबाच आधी बोलले. "ही फोनवर बोलली तवा मी बाजूला व्हतो. मी सांगितलं साऱ्यास्नी. तर म्हनले, म्हातारा सुनंची बाजू घेतोय." त्यांनी हातातली रोपांची मूठ खाली ठेवली. "दोन वर्सं मला वाटाया लागलं व्हतं, मलाच भास झाला का काय."

हे ऐकून मी हात जोडले. सुनंदाताईंचा आवाज कडक झाला. "हात नका जोडू. त्यानं काय हुतंय? लिवून द्या."

माझ्या पिशवीत एक कोरी वही होती. मी लिहायला बसलो. पहिलं वाक्य लिहिलं: 'दूरध्वनीवरील संभाषणाबाबत माझा गैरसमज झाला.' त्यांनी माझ्या खांद्यावरून वाचलं.

"गैरसमज झाला न्हवं. खोटं सांगितलं, आसं लिवा."

मी खोडलं. लिहिलं: 'सुनंदाताईंनी मला उड्डाणाची सूचना दिली होती. मी ती नोंदवली नाही. चौकशीत मी खोटं सांगितलं.' त्यांनी बोट ठेवून एकेक शब्द वाचला, मग आबांना मोठ्यानं वाचून दाखवला.

"आता हे तिकडं पाठवा. आन् ग्रामसभेत हुभं ऱ्हाऊन वाचा. कागद पुन्याला जाईल, पन मला बोलत्यात ती मानसं हितं ऱ्हात्यात."

"वाचीन."

"बगू," त्या म्हणाल्या. विश्वास ठेवला असं मी म्हणणार नाही. ताट उचललं, भाकरी तशीच होती. ती त्यांनी परत माझ्यापुढं ठेवली. "अन्न टाकत न्हाईत आमच्यात."

मी खाल्ली. सगळी.

परत आल्यावर कागद चौकशी समितीला पाठवला, एक प्रत कंपनीला. मला कामावरून बाजूला ठेवलं आहे, ते योग्यच आहे. नानांचा फोन आला होता. वहीतली लाल रेघ खोडायला ते तयार आहेत, परवाना आला की. लहूदादा घरी गेले, काठी घेऊन चालतात.

बाकी राहिलं ते असं. आबांचा डोळा मला परत देता येणार नाही. सुनंदाताईंचा परवाना अजून आलेला नाही. आणि पेठच्या ग्रामसभेत उभं राहून ती तीन वाक्यं मला मोठ्यानं वाचायची आहेत. ती मी अजून वाचलेली नाहीत.